विंडोज १० गेलं, लिनक्स आलं, आता प्रिंटर चालेना. तक्रार करायची कुणाकडे?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. त्या दिवशी कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला नाही. पण सुरक्षेचे जे अपडेट आपोआप यायचे, ते थांबले. विंडोज ११ वर जायचं तर मशीनमध्ये टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे २०१७ च्या आधीची बहुतेक मशीन यादीतून बाहेर.

आता नांदेडच्या भाग्यनगरातलं एखादं झेरॉक्स सेंटर किंवा लातूरच्या ट्यूशन एरियातलं ऑनलाइन फॉर्म भरून देणारं दुकान डोळ्यासमोर आणा. तिथलं मशीन बऱ्याचदा सेकंडहँड घेतलेलं असतं, चौथ्या नाहीतर सहाव्या पिढीचं. त्याला काहीही झालेलं नसतं. पण त्यावर गिऱ्हाइकांचे आधार, सातबारा, बँक पासबुक स्कॅन होत असतात आणि अपडेट नसलेल्या मशीनवर हे सगळं करणं धोक्याचं आहे.

मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना एक वर्षाची वाढीव मुदत दिली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. दुसरा रस्ता नव्या मशीनचा, म्हणजे खर्चाचा. तिसरा रस्ता लिनक्सचा. लिनक्स मिंट किंवा उबंटू फुकट मिळतं, लायसन्सची भानगड नाही. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असली तर बरं, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

यूट्यूबवर व्हिडिओ बघून अर्ध्या तासात लिनक्स टाकून होतं. अडचण सुरू होते ती नंतर. वायफाय दिसत नाही, प्रिंटर दिसतो पण कागद बाहेर येत नाही, मराठी टाईप करताना अक्षरं तुटतात. विंडोजच्या वेळी अशा वेळी ओळखीच्या पोराला बोलावलं जायचं. त्याने फॉरमॅट मारलं की विषय संपला. लिनक्समध्ये हे जमत नाही आणि इथेच बरेच जण ‘हे आपल्या कामाचं नाही’ म्हणून परत फिरतात.

परत फिरण्याआधी एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. लिनक्सचा मालक कुणी एक नाही हे खरं, पण तक्रार ऐकणारं कुणीच नाही हे खरं नाही. उलट इथे तक्रारीची वही सगळ्या जगाला उघडी असते. फक्त ती योग्य ठिकाणी आणि नीट लिहावी लागते.

मुळात बिघाड कुणाचा?

लातूरकरांना हे पाण्याच्या उदाहरणाने लगेच कळेल. नळाला पाणी आलं नाही तर दोष कुणाचा? गल्लीतला व्हॉल्व्ह बंद असेल, टाकीच भरली नसेल, नाहीतर धनेगावला मांजरा धरणातच पाणी नसेल. २०१६ साली धरणच कोरडं पडलं होतं, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या वेळी गल्लीतल्या व्हॉल्व्हवाल्याशी भांडून काही उपयोग नव्हता.

लिनक्सही असंच वरून खाली वाहतं. लिनक्स मिंट हे उबंटूवर उभं आहे, उबंटू डेबियनवर. त्या सगळ्यांच्या पोटात लिनक्स कर्नल आहे, तो वेगळेच लोक बनवतात. ऑफिसची कामं करणारं लिबरऑफिस ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ या संस्थेचं. छपाईचं काम कप्स नावाची यंत्रणा बघते. स्क्रीनवर दिसणारा मेन्यू आणि खालची पट्टी म्हणजे सिनॅमन, ते मात्र मिंटवाल्यांचं स्वतःचं.

प्रत्येकाची तक्रारवही वेगळी. तिला बग ट्रॅकर म्हणतात. मेन्यू गायब झाला तर मिंटकडे जायचं. लिबरऑफिसमध्ये जोडाक्षर फुटलं तर डॉक्युमेंट फाउंडेशनकडे. वायफायची चिप ओळखलीच जात नसेल तर उबंटूच्या लाँचपॅडवर, कर्नलच्या नावाखाली. चुकीच्या वहीत लिहिलं तर बहुतेकदा कुणीतरी ‘ही आमची नाही, तिकडे जा’ असं सांगतं. तेही नशीब असेल तर.

झेरॉक्सच्या दुकानातला प्रिंटर

दोन प्रिंटर जवळपास प्रत्येक सेंटरवर दिसतात: एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९००. दोन्ही दणकट, टोनर स्वस्तात भरून मिळतो, म्हणून वर्षानुवर्षं टिकून आहेत. आणि लिनक्सवर आल्यावर सगळ्यात आधी हेच दोघं रुसतात.

कारण त्यांच्या स्वस्ताईतच आहे. महागडा प्रिंटर पान स्वतः आखतो. हे प्रिंटर ते काम कॉम्प्युटरकडून करून घेतात. एचपी १०२० ची तर आणखी गंमत आहे. त्याला चालवणारा जो छोटा प्रोग्राम असतो, म्हणजे फर्मवेअर, तो प्रिंटरमध्ये कायमचा साठवलेलाच नसतो. दर वेळी बटण चालू केलं की कॉम्प्युटरने तो नव्याने पाठवायचा. विंडोजचा ड्रायव्हर हे गुपचूप करत होता. लिनक्सवर त्यासाठी एचपीएलआयपी हे सॉफ्टवेअर आणि वर कंपनीचं एक वेगळं प्लगइन टाकावं लागतं. प्लगइन राहिलं की प्रिंटर यादीत दिसतो, ‘रेडी’ असंही म्हणतो आणि ढिम्म हलत नाही.

कॅनन २९०० चं दुखणं वेगळं. तो कॅप्ट नावाची कॅननची स्वतःची भाषा बोलतो. कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर जुना आहे, आणि काही स्वयंसेवकांनी ती भाषा उलगडून स्वतः एक ड्रायव्हर लिहिलाय. म्हणजे या प्रिंटरवर अख्खं दुकान चालत असेल तर लिनक्स टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून बघणं शहाणपणाचं. मिंट आणि उबंटू दोन्ही इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून सुरू होतात. त्यात वायफाय, आवाज, स्कॅनर तपासून घ्यायचं. वायफाय मिळालंच नाही तर मोबाइल यूएसबी वायरने जोडून टेदरिंग चालू करायचं आणि मिंटमधल्या ‘ड्रायव्हर मॅनेजर’मध्ये काही सुचवलंय का ते बघायचं. वायफायच्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

नाही मिटली तर मग शोध. इथे लागतं ते एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचं पथ्य. लिबरऑफिसमधून प्रिंट निघत नाही ना? तीच फाइल पीडीएफ करून प्रिंट द्या. निघाली तर प्रिंटर निर्दोष, गडबड लिबरऑफिसमध्ये. तीही नाही निघाली तर वायर बदला, दुसरा यूएसबी पोर्ट वापरून बघा. कालपर्यंत चालत होतं आणि अपडेटनंतर बिघडलं असेल तर कॉम्प्युटर सुरू होताना ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडता येतो. जुन्या कर्नलवर चाललं की अर्धा तपास झालाच. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय आहे, ती आधीच चालू ठेवली असेल तर अख्खी सिस्टिम कालच्या अवस्थेत नेता येते. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि प्रिंटर चालू झाला, तर आनंद होतो, पण नेमकं काय बरं झालं ते कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून.

फक्त मंगळवारी बंद पडणारा प्रिंटर

खरं वाटणार नाही, पण ही नोंद उबंटूच्या बग ट्रॅकरवर आहे. २००९ च्या सुमारास एका वापरकर्त्याने कळवलं की त्याच्या बायकोच्या म्हणण्याप्रमाणे ओपनऑफिसमधून मंगळवारी प्रिंट निघत नाही. इतर दिवशी निघते. आपल्याकडे असं कुणी सांगितलं असतं तर आधी हसू आलं असतं, मग कुणीतरी प्रिंटरला लिंबू-मिरची बांधायचा सल्ला दिला असता.

पण बाई बरोबर होत्या. प्रिंटसाठी तयार होणाऱ्या फाइलमध्ये तारीख आणि वाराचं इंग्रजी नाव लिहिलेलं असायचं. ही फाइल कुठल्या प्रकारची आहे हे ओळखणारा एक छोटा प्रोग्राम लिनक्समध्ये असतो. त्याच्या नियमांमध्ये एक चूक राहिली होती. ठरावीक जागी मंगळवारच्या इंग्रजी नावाची तीन अक्षरं दिसली की तो त्या फाइलला अर्लंग नावाच्या प्रोग्रामिंग भाषेची फाइल समजायचा. मग छपाईची यंत्रणा म्हणायची, ही माझ्या कामाची नाही. प्रिंटर ठीक, ओपनऑफिस ठीक, ड्रायव्हरही ठीक. चूक भलत्याच ठिकाणी.

‘प्रिंटर कधीकधी चालत नाही’ एवढंच कळवलं असतं तर ही चूक सापडणं अवघड होतं. ‘मंगळवारी’ या एका शब्दाने ती सापडली.

अशीच एक नोंद अलीकडची, आणि जास्त गंभीर. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरच्या लक्षात आलं की डेबियनच्या ‘अनस्टेबल’ आवृत्तीत दूरवरून लॉगिन करायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्यांनी पाठपुरावा केला आणि २९ मार्चला जाहीर केलं की एक्सझेड नावाच्या फाइल लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा बसवलाय. तो जगभरच्या सर्व्हरपर्यंत पोहोचायच्या बेतात होता.

तक्रार लिहायची कशी?

‘लिनक्स मिंट टाकलं पण प्रिंटर चालत नाही, अर्जंट मदत करा.’ अशी कमेंट यूट्यूबच्या प्रत्येक व्हिडिओखाली दिसते. ती वाचून जगातला कुठलाही प्रोग्रामर काही करू शकत नाही, कारण तिच्यात पकडायला काहीच नाही.

आता समजा हेच असं लिहिलं:

‘एचपी लेझरजेट १०२०, लिनक्स मिंट २२.१ सिनॅमन. एचपीएलआयपी आणि प्लगइन टाकलेलं आहे. कॉम्प्युटर चालू असताना प्रिंटर बंद करून पुन्हा चालू केला की पुढची प्रिंट अडकते, रांगेत “प्रोसेसिंग” दिसत राहतं. यूएसबी वायर काढून पुन्हा लावली की तीच प्रिंट निघते. पाच वेळा करून बघितलं, पाचही वेळा हेच झालं. मागच्या आठवड्यातल्या कर्नल अपडेटच्या आधी असं होत नव्हतं. जुन्या कर्नलवर अजूनही होत नाही.’

यात काय केलं की बिघाड होतो, काय व्हायला हवं होतं, काय झालं, दर वेळी होतं का आणि कधीपासून होतंय, हे सगळं आलं. समोरच्याला त्याच्या टेबलावर तोच बिघाड घडवून बघता आला पाहिजे, बग रिपोर्टचं सगळं गणित एवढ्यावर चालतं. मशीनची माहिती हाताने लिहीत बसायची गरज नाही. मिंटमध्ये ‘सिस्टिम रिपोर्ट्स’ उघडलं की सगळी यादी तयार मिळते, कॉपी करून चिकटवायची. उबंटूमध्ये अ‍ॅपोर्ट हे काम करतं.

ट्रॅकरवर इंग्रजीत लिहावं लागतं, हा अडथळा आहेच. पण तिथे कुणी व्याकरण तपासत नाही. छोटी छोटी वाक्यं, किंवा मराठीत लिहून गुगल ट्रान्सलेटमधून काढलेलं इंग्रजी, दोन्ही चालतं. एरर मेसेज मात्र शब्दशः द्यायचा, आपल्या भाषेत सांगायचा नाही. आणि लिहिण्याआधी शोधायचं. तीच तक्रार आधी कुणी केली असेल तर नवी टाकू नये. लाँचपॅडवर ‘मलाही हा त्रास आहे’ असं नोंदवायची सोय आहे, तिथे क्लिक केलं की पुरे.

एक सावधगिरी सेवा केंद्रवाल्यांसाठी खास. बग ट्रॅकर जगजाहीर असतो आणि तिथलं लिखाण वर्षानुवर्षं राहतं. स्क्रीनशॉटमध्ये मागे एखाद्या गिऱ्हाइकाचा आधार नंबर किंवा पीकविम्याचा अर्ज उघडा असेल तर तोही जगजाहीर होतो. आधी बंद करा, मग स्क्रीनशॉट घ्या. लॉग फाइलमध्ये वायफायचं नाव, मशीनचा सिरीयल नंबर असतो, तोही काढून टाका.

व्हिडिओत दिसलेली कमांड डोळे झाकून टर्मिनलमध्ये टाकण्याचं काय होतं, याचं उदाहरणही जगाने बघितलंय. नोव्हेंबर २०२१ मध्ये लायनस टेक टिप्स या मोठ्या यूट्यूब चॅनेलच्या लायनस सेबॅस्टियनने पॉप ओएसवर गेम खेळण्यासाठी स्टीम टाकायला घेतलं. सिस्टिमने इशारा दिला की हे केल्यास महत्त्वाचे भाग उडतील, खात्री असेल तर ‘होय, मी सांगतो तसं कर’ असं इंग्रजीत टाईप करा. त्याने केलं. अख्खा डेस्कटॉप उडाला. इशारा न वाचणं ही त्याची चूक होतीच, पण स्टीम टाकल्यावर डेस्कटॉप उडणं हा बगच होता. त्यानंतर पॉप ओएसवाल्यांनी आणि पॅकेज टाकणाऱ्या अ‍ॅप्ट या प्रोग्रामच्या लेखकांनीही सुधारणा केल्या.

‘शेतकऱ्यांना’ हा शब्द का फुटतो?

आता खास आपला प्रश्न. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला ‘ऱ्य’ बघा. हा अर्धा र हिंदीला लागत नाही, मराठीला पदोपदी लागतो: कऱ्हाड, वऱ्हाड, दुसऱ्या, बिचाऱ्या. युनिकोडमध्ये तो काढायच्या दोन रीती आहेत. एकीत नुक्ता असलेला ‘ऱ’ आणि हलन्त. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच: शेतकऱ्यांना, शेतकर्‍यांना. पण कॉम्प्युटरच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. एका रीतीने टाईप केलेल्या यादीत दुसऱ्या रीतीने शोधलं तर अनेक प्रोग्राममध्ये नाव सापडत नाही. आणि ते जोडचिन्ह मधल्यामध्ये गळालं की उरतं ‘शेतकर्यांना’, जे आपण बॅनरवर आणि सरकारी वेबसाइटवर रोज बघतो.

‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणंही हिंदीपेक्षा वेगळी. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडलेली असेल तरच मराठी वळण उमटतं. लिबरऑफिसमध्ये भाषा हिंदी राहिली तर फॉन्टला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्या उलट, श्री-लिपी किंवा कृतिदेवमध्ये टाईप केलेली जुनी फाइल लिनक्सवर उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, तोही बग नाही. त्या फाइलमध्ये मुळात युनिकोड मराठी नसतंच, फॉन्टने इंग्रजी अक्षरांना मराठीचा मुखवटा चढवलेला असतो. ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते.

ही कामं कुणी केलीच नाहीत असं नाही. २००० च्या आसपास मुंबईतून इंडलिनक्स ही चळवळ सुरू झाली. रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या इंजिनिअरांनी लोहित हे फॉन्ट सांभाळले. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ मध्ये बॉस लिनक्स आणलं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठीत ऐकायला मिळतात. टायपिंगला इनस्क्रिप्ट आहे, गमभन आहे.

तरी केरळकडे पाहिलं की फरक जाणवतो. तिथल्या शाळा कित्येक वर्षांपासून लिनक्स वापरतात. काइट ही सरकारी संस्था स्वतःची आवृत्ती काढते, जिल्ह्याजिल्ह्यात तिचे प्रशिक्षक आहेत, शाळेत २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ नावाचे मुलांचे गट आहेत. शाळेतल्या मशीनला काही झालं तर ते कुणाला सांगायचं हे ठरलेलं आहे. शिवाय स्वतंत्र मलयालम कॉम्प्युटिंग या स्वयंसेवकांच्या गटाने मल्याळम अक्षरांचे दोष शोधून दुरुस्त केले, फॉन्ट बनवले. आपल्याकडे कॉम्प्युटर शिकणं म्हणजे २००१ पासून एमएस-सीआयटी, आणि तिथे बहुतेकांनी पाहिलं ते विंडोज. बिघाड झाला की दुकानदाराकडे न्यायचा, ही सवय तिथूनच आली. मराठी अक्षर फुटलं तर कुणी ट्रॅकरवर लिहीत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट फिरतो. बोस्टनमध्ये किंवा बर्लिनमध्ये बसलेल्या प्रोग्रामरला ‘शेतकर्यांना’ यात काय चुकलंय हे आपण सांगितल्याशिवाय कळायचं नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठातल्या कॉम्प्युटर सायन्सच्या किंवा एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेजच्या एखाद्या वर्गाने सबमिशनसाठी पन्नासावं ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम’ करण्याऐवजी मराठीचे दहा नीट बग नोंदवले, तर ते काम जास्त वापरलं जाईल.

तक्रार टाकली, पुढे काय?

लगेच काही होत नाही. कुणी आधी प्रश्न विचारतं: हे करून बघितलं का, ती फाइल देता का. याला उत्तर द्यावंच लागतं. लाँचपॅडवर माहिती अपुरी म्हणून ‘इनकम्प्लीट’ शेरा पडलेली नोंद ६० दिवस कुणी हात न लावल्यास आपोआप रद्द होऊ शकते. काही तक्रारी ‘दुरुस्त करणार नाही’ म्हणून बंद होतात, काही वर्षानुवर्षं लटकतात. उबंटूची पहिल्या क्रमांकाची नोंद खुद्द संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी २००४ मध्ये केली होती: बाजारात मायक्रोसॉफ्टचा वाटा बहुमताचा आहे, हाच बग. ती त्यांनी २०१३ मध्ये बंद केली, कारण फोन आणि टॅबलेटमुळे चित्र बदललं होतं. डेस्कटॉपवर तर आजही विंडोजच आहे.

म्हणून दुकान ज्या एका मशीनवर चालतं ते आधी बदलू नये. खरिपाच्या पीकविम्याची मुदत बहुतेकदा ३१ जुलैच्या आसपास असते, बारावीच्या निकालानंतर प्रवेशाची झुंबड असते. त्या रांगा दाराशी असताना कर्नल बदलून बघायला वेळ नसतो. बोटाचा ठसा घेणारं यंत्र आणि डिजिटल सहीचा डोंगल यांचे लिनक्स ड्रायव्हर आहेत का, हे त्या त्या मॉडेलच्या नावाने आधीच बघावं लागतं. ते नसतील तर एक मशीन विंडोजवर ठेवावंच लागेल. दुसरं, कोपऱ्यात पडलेलं जुनं मशीन मात्र आजच पेनड्राइव्हवरून सुरू करून बघता येतं. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत प्रिंटर, स्कॅनर, मराठी टायपिंग यातलं काय चालतं आणि काय अडतं याची यादी हाताशी असेल, आणि जे अडतं त्याची नोंद कुठल्यातरी ट्रॅकरवर तुमच्या नावाने पडलेली असेल.